मुलांची खोली आणि सासऱ्यांची ट्रंक

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत टू बीएचके घरात राहतो. मी, यजमान, सासूबाई (वय ७६) आणि नववीतली मुलगी. मुलगा चार वर्षांपूर्वी शिक्षणासाठी बाहेर पडला, तो आता बंगळूरुला नोकरी करतो. गणपतीला आणि दिवाळीला घरी येतो. मुलांच्या खोलीत अजूनही दोघांचा दुमजली पलंग, त्याचे टेबल, क्लासच्या नोट्स, चषक, खेळणी असे सगळे तसेच आहे. त्याची सायकल जिन्यात उभी असते. मुलगी त्या पसाऱ्यात अभ्यास करते आणि जूनमध्ये ती दहावीत जाईल. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. माळ्यावर पाळणा, पितळेची भांडी, गोधड्या आणि यजमानांचे दिवाळी अंक आहेत. शिवाय घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचे रिकामे खोके त्यांनी जपून ठेवले आहे. सासऱ्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे, ती ते गेल्यापासून कोणी उघडलेली नाही. आवरायला घेतले की सासूबाई म्हणतात, "असू दे, लागेल कधीतरी." यजमान म्हणतात, "तुला हवे ते कर," आणि मग टाकायच्या पिशवीत हात घालून बघतात. मुलगा फोनवर "टाकून दे सगळे" म्हणाला म्हणून त्याची बॅट आणि गोष्टींची पुस्तके मी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला दिली, तर दिवाळीला आल्यावर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी तीन रविवार प्रयत्न केला. सकाळी सगळे बाहेर काढले आणि रात्री होते तसे आत ठेवले. माझे शिलाई मशीन गॅलरीत प्लास्टिकखाली झाकून पडले आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात वस्तूंची यादी मोठी आहे. पण कोणती वस्तू ठेवावी आणि कोणती काढावी हे नंतर पाहिले तरी चालेल. त्याआधी ठरवायला हवे ते हे की, आज या घरात राहणाऱ्या चार माणसांपैकी कोणी कुठे झोपायचे, कोणी कुठे बसून काम करायचे आणि कोणाचे कपडे कोणत्या कपाटात राहायचे. तुमचे घर अजून मुलगा बारावीत आणि मुलगी पाचवीत होती त्या वर्षाप्रमाणे मांडलेले आहे, आणि माणसे मात्र पुढे निघून गेली आहेत. तुमचे तीन रविवार वाया गेले ते तुम्ही आळशी किंवा हळव्या आहात म्हणून गेले, असे मला वाटत नाही. वस्तू बाहेर आल्या तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत काय येणार हे ठरलेलेच नव्हते, म्हणून रात्री त्या मुकाट्याने आपल्या जुन्या जागी परतल्या.

तेव्हा चौथ्या रविवारी कपाटाला हातच लावू नका. घराचा एक साधा आराखडा कागदावर काढा, चहा झाल्यावर तिघांना टेबलाशी बसवा, मुलाला फोनवर घ्या आणि फक्त माणसांच्या जागा ठरवा. मी तुमचे घर पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे मोजपट्टी हातात घेऊन पडताळून पाहा. तरीही पत्रावरून माझे मत असे झाले आहे की, मुलांची खोली आता पूर्णपणे मुलीची व्हावी. पंधरा वर्षांच्या मुलीला लावून घेता येईल असे दार, कपडे ठेवायला स्वतःचे कपाट आणि दुसऱ्याच्या वह्यांनी न भरलेले टेबल मिळाले पाहिजे, आणि दहावीचे वर्ष नसते तरी मी हेच लिहिले असते. दुमजली पलंग काढून तीन फूट रुंदीचा एक साधा पलंग टाकला, तर दहा बाय दहाच्या खोलीतही भिंतीलगत बरीच जमीन मोकळी होते. टेबल खिडकीशी अशा रीतीने लावा, की लिहिताना उजेड डाव्या बाजूने येईल. मुलगी डावखुरी असेल तर उलट. पलंग सुस्थितीत असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यास लहान मुले असलेले एखादे घर तो बहुधा लगेच उचलेल, मात्र खोलायचा आणि न्यायचा खर्च घेणाऱ्याचा, हे आधीच स्पष्ट करा.

आता मुलाविषयी, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत दुखरा भाग तोच आहे. तो "टाकून दे सगळे" म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर क्लासच्या नोट्सचे गठ्ठे असावेत; बॅट त्या "सगळ्या"त येते हे त्याच्या मनातही आले नसेल. ऑफिसच्या मधल्या सुटीत, घाईने आलेल्या फोनवर कोणीही असेच म्हणेल. अशा उत्तराला परवानगी समजू नये. एखाद्या शनिवारी त्याच्याशी सवडीने व्हिडिओ कॉल ठरवा, प्रत्येक खण उघडून त्याला दाखवा आणि प्रत्येक वस्तूबद्दल तीनपैकी एक उत्तर घ्या : बंगळूरुला पाठव, माझ्या ट्रंकेत ठेव, देऊन टाक. "बघू नंतर" हे चौथे उत्तर स्वीकारू नका. ट्रंक एकच, लोखंडी आणि झाकण व्यवस्थित बसणारी असावी, आणि जे तिच्यात मावेल ते त्याचे, ही मर्यादा आधीच सांगावी. वस्तूवस्तूवर वाद घालण्यापेक्षा जागेची मर्यादा घालून निवड त्याच्यावर सोपवली, की बावीस वर्षांचा मुलगाही फार समंजसपणे निवड करतो. चषक ठेवायचे की फक्त त्यांवरच्या पट्ट्या काढून ठेवायच्या, हे त्याचे त्याला ठरवू द्या. बॅट मात्र त्या मुलाकडून परत मागू नका. मुलाला फक्त एवढे सांगा की यापुढे त्याची कोणतीही वस्तू त्याला दाखवल्यावाचून घराबाहेर जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

त्याला खोलीबद्दलही तुम्हीच सांगायला हवे, आणि ते खोली बदलण्याआधी. गणपतीला दारात उभा राहिल्यावर आपला पलंग गेलेला दिसणे आणि मे महिन्यात आईने फोन करून "ही खोली आता तुझ्या बहिणीची होते आहे, तू आलास की तुझी गादी हॉलमध्ये खिडकीखाली, आणि हॉलच्या कपाटातला खालचा खण तुझा, तो कोणी भरणार नाही" असे सांगणे, यांत फार मोठे अंतर आहे. बाहेरगावी राहणाऱ्या मुलाला आईवडिलांच्या घरी खोली लागत नाही. त्याला आल्यावर झोपायला ठरलेली जागा, आंघोळीचा टॉवेल आणि स्वतःचा एक खण लागतो. त्याला वाईट वाटेल का? थोडे वाटेल. परंतु माझा अनुभव असा, की रिकामी खोली जशीच्या तशी राखण्याचा आग्रह मुलापेक्षा आईवडिलांचाच अधिक असतो. तुमच्याकडे तसे आहे की नाही हे तुम्हीच जाणता.

सासूबाईंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्या हॉलमध्ये झोपतात हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, त्यांना तिथे बरे वाटते की नाही हे मात्र लिहिले नाही. त्यांना एकटीला गाठून विचारा. "मला इथेच बरे" असे उत्तर आले तर ते भिडेपोटी आलेले नाही ना, याची थोडी चाचपणी करा. पुष्कळ वृद्ध स्त्रियांना हॉल खरोखरच आवडतो, कारण दार, टीव्ही आणि येणारी-जाणारी माणसे तिथेच असतात. त्या तिथेच राहणार असतील तर तो कोपरा मनापासून त्यांचा करा. दिवाण फार खुजा असेल तर उठताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि हाताचा आधार न घेता उठता येईल एवढी उंची, म्हणजे साधारण दीड फूट, असावी. दिव्याचे बटण अंथरुणावरून हाताला लागले पाहिजे. रात्री बाथरूमपर्यंत जाण्याच्या वाटेवर सुटे पायपुसणे, टेबल फॅनची वायर, चपलांचा ढीग असे काहीही असू नये. वयाच्या शहात्तराव्या वर्षी पाय अडखळून खुब्याचे हाड मोडणे ही काय गोष्ट असते, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना विचारावे. एक पडदा आणि त्यांच्या हाताच्या उंचीवर एक लहान कपाट एवढे झाले, तरी "लागेल कधीतरी" हे वाक्य कमी ऐकू येईल असे मला वाटते. ज्या माणसाची घरात स्वतःची अशी जागा उरत नाही, ते माणूस माळ्यावरच्या वस्तूंना धरून राहते.

तुमच्या यजमानांच्या वस्तूंना तुम्ही हात लावू नये. त्यांना एक कपाट किंवा भिंतीची एक लांबी ठरवून द्या आणि दिवाळी अंक, खोकी, तारा यांतले काय तिथे ठेवायचे ते त्यांनी ठरवावे. जी माणसे टाकलेल्या पिशवीत हात घालून बघतात, त्यांना बहुधा टाकण्याचे दुःख नसते. न विचारता टाकले जाईल ही धास्ती असते. रिकाम्या खोक्यांपुरते त्यांना एवढे सांगता येईल की, वॉरंटीसाठी सामान्यतः बिल, वॉरंटी कार्ड आणि वस्तूवरचा अनुक्रमांक महत्त्वाचा असतो. वस्तू परत करण्याची मुदत संपली की खोके ठेवण्याचे विशेष कारण उरत नाही. अंकांच्या बाबतीत मी थोडा त्यांच्या बाजूने आहे. वीस-पंचवीस वर्षांचे सलग अंक ही रद्दी नव्हे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे आहे, तुमच्या आसपासही वाचनालये आहेत. पण गठ्ठे घेऊन थेट दारात जाऊ नये, कारण त्यांच्याकडेही जागेची अडचण असते. अंकाचे नाव आणि वर्ष अशी यादी आधी पाठवावी, त्यांना हवे ते त्यांनी निवडावे, आणि उरलेल्यांतून यजमानांनी आपल्या आवडीचे ठेवावेत. खोकी गेली, की तुमच्या झोपायच्या खोलीत खिडकीलगत जी जागा होईल, ती शिलाई मशीनची. ही गोष्ट आराखड्यात पहिल्याच दिवशी लिहा, सगळ्यांचे भागल्यावर उरले तर बघू, असे म्हणू नका. गॅलरीत पावसाचे तुषार आणि धूळ खाऊन मशीन गंजेल, मग ते भंगारवाल्यालाच द्यावे लागेल.

एवढे ठरल्यावर मग वस्तू. काळ एप्रिल-मेचा निवडा. मुलीची वार्षिक परीक्षा झालेली असते, दहावीचे वर्ग सुरू व्हायचे असतात, आणि ऊन कडक असल्यामुळे गोधड्या, गाद्या, लाकडी पाळणा हे सगळे गच्चीवर चांगले तापवून घेता येते. जून उजाडल्यावर दमट हवेत माळा उघडलात, तर बुरशी आणि कसर यांचीच भर पडेल. दिवाळीची साफसफाई हा आपला रिवाज आहे, पण तेव्हा फराळ, पाहुणे आणि मुलाची सुटी एकत्र येते; अशा घाईत माणूस एक तर सगळे ठेवतो किंवा सगळे टाकतो.

एका बैठकीला एकच खण किंवा माळ्याचा एकच भाग घ्या आणि त्यातले बाहेर जायचे सामान त्याच दिवशी घराबाहेर गेले पाहिजे, हा एवढा नियम कडक ठेवा. दाराशी ठेवलेली "द्यायची" पिशवी आठवडाभर राहिली, की तिच्यातून एकेक वस्तू परत घरात येते. तुमच्या घरी कोण ती काढतात, हे तुम्ही लिहिलेच आहे. म्हणून आधी माणूस ठरवा : रद्दीवाला कधी येणार, बोहारीण तुमच्या भागात अजून येत असेल तर तिचा वार कोणता, कपडे-खेळणी कोणती संस्था घेते आणि कोणत्या वेळेत. त्यानंतरच खण उघडा. आणि कृपा करून सुरुवातीलाच प्लास्टिकचे मोठाले डबे विकत आणू नका. डबे आणले की ते भरले जातातच, आणि मग पसाऱ्याला फक्त झाकण मिळते.

मुलाच्या अभ्यासाच्या गोष्टींत फार वेळ घालवू नका. प्रवेश परीक्षांच्या नोट्स ताज्या असल्या तरच कोणाच्या उपयोगाच्या. चार वर्षांपूर्वीचे छापील गठ्ठे फारसे कोणी घेणार नाही, ते रद्दीत द्या. शालेय पुस्तकांचे मात्र थांबून पाहा. राज्य मंडळाची दहावीची पाठ्यपुस्तके २०१८ मध्ये बदलली आणि तुमच्या मुलाची दहावी त्यानंतरची असणार. तुमची मुलगी राज्य मंडळाच्याच शाळेत असेल, तर त्याची पुस्तके टाकण्यापूर्वी तिच्या शाळेत चौकशी करून घ्या, कदाचित तीच चालतील. चित्रकलेच्या वह्या, हस्तकला, मातीचे किल्ले असे काही असेल तर चांगल्या उजेडात फोटो काढून दोघांच्या मोजक्या गोष्टी ठेवा. त्यातही एक पथ्य पाळा : ज्या कागदावर मुलाचे स्वतःचे काही लिहिलेले आहे, म्हणजे निबंध, पत्र, आजोबांना लिहिलेले पोस्टकार्ड, तो रंगवलेल्या चित्रापेक्षा आधी ठेवा. रंगवलेले मोर सगळ्या मुलांचे सारखेच असतात.

खेळणी द्यायची तर धुऊन, सगळे भाग असलेली द्या. चाक नसलेली गाडी आणि निम्मे तुकडे हरवलेले कोडे अंगणवाडीला नेऊन देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे, मग त्याला दान म्हटले तरी. आपल्या घरी पाहुण्यांचे मूल आले तर त्याच्या हातात ही वस्तू आपण देऊ का, एवढे विचारून पाहावे. पाळणा हा आपल्याकडे नात्यात फिरणारा असतो, म्हणून तो टाकायचा किंवा जपायचा असा विचारच करू नका; भाचे-पुतण्यांपैकी कोणाकडे बाळ अपेक्षित असेल त्यांच्याकडे तो पाठवा, म्हणजे माळाही मोकळा होतो आणि सासूबाईंचे मनही राहते. मुलांची दुपटी, टोपडी असतील त्यांतून प्रत्येकाची एक कुंची ठेवा. बाकीच्या मऊ सुती कापडाची गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, आणि आता मशीन गॅलरीतून आत आल्यावर तुम्ही स्वतःही ते करू शकाल. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत असतील तर काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. घड्या वर्षातून एकदा तरी बदलाव्यात, नाही तर रेशीम घडीवरच विरते.

पितळेच्या भांड्यांसाठी सासूबाईंना माळ्याखाली खुर्ची घालून बसवा आणि एकेक भांडे त्यांच्या हातात द्या. कोणते लग्नात आले, कोणत्यावर कोणाचे नाव कोरले आहे, हे त्या सांगतील. मुलीला शेजारी बसवून ते लिहून घ्यायला लावा. ज्याला कल्हई करून रोज वापरता येईल ते खाली स्वयंपाकघरात येऊ द्या. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, आमसूल घातले की पदार्थ कळकतो हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, पण कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो आणि त्याला शोधावे लागते, हेही तितकेच खरे. परात, तांब्या, एखादे सतेले एवढे वापरात आले तरी पुष्कळ झाले. बाकीच्या भांड्यांतले एखादे नणंदेला, दिरांच्या घरी, थोरल्या पुतणीला देण्याचा निर्णय सासूबाईंच्या तोंडून आला पाहिजे आणि देणेही त्यांच्याच हातून झाले पाहिजे. मोडीत घालायची वेळ आलीच तर दोन दुकानांत भाव विचारावा आणि वजन स्वतः उभे राहून करून घ्यावे.

लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांना उशीर करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. शिवाय व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच ते उत्पादन थांबवले, त्यामुळे फिती चालवून त्यांची डिजिटल प्रत करून देणारे स्टुडिओ दरवर्षी कमीच होत जाणार. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक मुलाकडे असू द्या. जुने मोबाइल, चार्जर, बंद पडलेला संगणक हे घंटागाडीत टाकू नका. ई-कचऱ्यासाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच तो जावा अशी त्यांची अपेक्षा आहे. बऱ्याच मोठ्या दुकानांत आणि संस्थांत तो जमा करता येतो. देण्यापूर्वी फोनमधली माहिती पुसा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू-दाबू नका, सांभाळून वेगळी ठेवून लवकर जमा करा. मुदत संपलेली औषधे आणि पाऱ्याचा जुना थर्मामीटर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावेत. जिन्यातली सायकल मात्र उद्याच हलवा. बाकी सगळ्याला एप्रिलपर्यंत थांबता येईल, तिला नाही. आगीच्या वेळी इमारतीतल्या सगळ्यांना खाली उतरायची तीच एक वाट असते, आणि महाराष्ट्रात यासाठी २००६ चा स्वतंत्र कायदाही आहे. मुलाने ट्रंकेची मर्यादा मान्य केली तर सायकल कोणाला द्यायची हे तोच सांगेल.

शेवटी सासऱ्यांची ट्रंक. तिला मी मुद्दाम अखेरीस ठेवले आहे. तुम्हीही तसेच करा आणि ती एकट्याने उघडू नका. सासूबाई आणि यजमान दोघे समोर असताना, दुपारच्या उजेडात, स्वच्छ चादरीवर उघडा. तिच्यात जुने धोतर आणि चष्मा निघेल, तसेच घराण्याचे सर्वांत मोलाचे कागदही निघू शकतील. ती कोणी न उघडता पडून राहिली हे एका परीने बरेच झाले, कारण आवरण्याच्या भरात अशा ट्रंकांतले कागद रद्दीत गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

तुम्ही कोणत्या प्रवर्गात मोडता हे मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचे कारणही नाही. परंतु कुटुंब कोणत्याही आरक्षित प्रवर्गातले असेल, तर मुलीच्या अकरावी-बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागेल आणि तिथे आजोबा-पणजोबांचे कागद निर्णायक ठरतात. त्यासाठी पुरावा ठराविक तारखेपूर्वीचा पाहिला जातो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या वडिलांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४ चा उतारा, जुने खरेदीखत असा एखादा पिवळा पडलेला कागद तिच्या वेळी कामाला येईल. मुलाचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर तेही त्याच फायलीत ठेवा. रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र तिच्या अर्जाला मोठा आधार ठरते.

बँकेची पासबुके आणि ठेवींच्या पावत्या निघाल्या तर त्या जुन्या म्हणून बाजूला टाकू नका. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, पण वारसांचा तिच्यावरचा हक्क जात नाही. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. तिथे नाव आणि बँक टाकून पाहता येते, आणि मागणी त्या त्या बँकेच्या शाखेकडे करावी लागते. समभागांचे कागदी दाखले, टपाल खात्याची प्रमाणपत्रे, गावाकडच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार यांचा वेगळा गठ्ठा करा. सोसायटीचे भागप्रमाणपत्र सासऱ्यांच्या नावावर राहून गेले असेल, तर हस्तांतराचे काम याच निमित्ताने सुरू करा, ते पुढच्या पिढीवर ढकलू नका.

प्रत्येक कागदाचा दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता फोटो घ्या. मुलांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, तरी प्रवेशाच्या वेळी मूळ प्रत मागितली जाते, म्हणून ती लागणारच असे धरून चाला आणि तिला एकच ठरलेली जागा द्या. घड्यांवर तुटू लागलेला कागद जोर लावून उलगडू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण ते नंतर काढता येत नाही आणि मूळ शिक्का तपासायची वेळ आली की अडचण होते. जाड, पारदर्शक फोल्डरमध्ये कागद सपाट ठेवून ती फाइल तुमच्या कपाटात, जमिनीपासून वर आणि बाथरूमच्या भिंतीपासून दूर ठेवा. ट्रंक रिकामी झाली आणि तिचा पत्रा तळाशी गंजलेला नसला, तर मुलाच्या वस्तूंसाठी नवी विकत घेऊ नका.